मिनिकॉयची माणसं मोजताना

लक्षद्वीपला जाणारं जहाज कोचीच्या विलिंग्डन बेटावरून सुटतं. त्या गर्दीत पर्यटक मूठभरच, बाकी सगळे घरी निघालेले. रांग नीट निरखली तर बेटांचा बराचसा हालहवाल धक्क्यावरच कळतो. एक्स-रेचं मोठं पाकीट काखोटीला मारलेले म्हातारे, कॉलेजातून सुट्टीवर निघालेली पोरं, टोमॅटोचे क्रेट, कोंबडीच्या पिल्लांचे जाळीचे खोके, सुतळीनं बांधलेलं एक शिलाई मशीन. माझ्या पुढे एक तरुण बाई दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं घेऊन उभी होती. शेजारी तिची आई, हातात इस्पितळाच्या कागदांची पिशवी. बाळंतपण कोचीत झालं होतं आणि बाळ पहिल्यांदाच बेटावर चाललं होतं. त्या बाळाच्या जन्मस्थळाच्या रकान्यात काय लिहिलं जातं, यावर या बेटांत बरंच काही अवलंबून असतं. त्याविषयी पुढे सांगतो.

लक्षद्वीप म्हटलं की आपल्याकडे निळं पाणी, पांढरी वाळू आणि पॅकेजचे दर यापलीकडे बोलणं जात नाही. मला तिथली माणसं बघायची होती, त्यातही मिनिकॉयची. २०११ च्या जनगणनेत मिनिकॉयची लोकसंख्या १०,४४७ भरली. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढीच. पण ही माणसं भर समुद्रात, एकाच अरुंद पट्टीवर, पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्यात बाहेरून कोण येतं, त्यांच्यातून बाहेर कोण जातं, आणि मोजायला येणाऱ्याच्या हाती नेमकं काय लागतं, हे जवळून पाहावं म्हणून निघालो.

बाहेरून येण्याचा मुद्दा परवान्यापाशीच निकालात निघतो. १९६७ च्या नियमांप्रमाणे भारतीय नागरिकालासुद्धा इथे प्रवेशासाठी आणि राहण्यासाठी परवाना काढावा लागतो. मुदत संपली की परतीचं जहाज. त्यामुळे मुंबई-पुण्याची लोकसंख्या जशी बाहेरून येणाऱ्यांनी फुगते, तसं इथे घडत नाही. सरकारी नोकरीवर आलेले कर्मचारी, शिक्षक, काही मजूर सोडले तर बेटाची वजाबाकी-बेरीज जन्म, मृत्यू आणि बाहेर गेलेली घरची माणसं यांच्यावरच चालते.

लक्षद्वीपमध्ये विमानतळ फक्त अगत्तीला आहे. मिनिकॉयला जायचं तर समुद्राचीच वाट धरायची. कोचीपासून अंतर सुमारे चारशे किलोमीटर. नकाशात हे बेट बाकीच्या लक्षद्वीपपासून तुटून दक्षिणेला पडलेलं दिसतं. मध्ये ‘नाइन डिग्री चॅनेल’ची सुमारे दोनशे किलोमीटर रुंद सामुद्रधुनी आहे. त्या मानानं मालदीव जवळ. मालदीवचं उत्तर टोक इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. भाषेचंही तसंच. इतर बेटांवर मल्याळमच्या कुळातली बोली चालते, तर मिनिकॉयची माणसं महल बोलतात. महल म्हणजे मालदीवच्या दिवेहीचंच इथलं रूप. तिची थाना लिपी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. भाषा मात्र सिंहलीच्या नात्यातली, म्हणजे आपल्या मराठीच्याच दूरच्या गोतातली. केंद्रशासित प्रदेश आधीच इवलासा, त्यात भाषेनं वेगळं पडलेलं हे एकच बेट. १९७६ च्या डिसेंबरात भारत आणि मालदीव यांनी सागरी सीमा आखून घेतली आणि एकच भाषा बोलणारी माणसं रीतसर दोन देशांत विभागली गेली.

सकाळी जहाजावरून आधी दिसलं ते दीपगृह. १८८५ साली इंग्रजांनी उभारलेलं हे दीपगृह बेटाच्या दक्षिण अंगाला आहे आणि आजही चालू आहे. गोल जिना चढून वर गेलं की धाप लागते, पण सबंध बेट एका नजरेत मावतं. चंद्रकोरीच्या आकाराची, दहाएक किलोमीटर लांब हिरवी पट्टी. पूर्वेला खडकांवर फुटणाऱ्या लाटा, पश्चिमेला उथळ, संथ लगून. वरून माडच माड दिसतात. घरं झावळ्यांखाली दडलेली असल्यामुळे इथे माणसं आहेत याचा पत्ताच लागत नाही. क्षेत्रफळ ४.८ चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरला जवळजवळ दोन हजार दोनशे माणसं. त्याच जनगणनेत महाराष्ट्राची घनता ३६५ होती. गंमत अशी की या माडांच्या राईची नोंद जनगणनेत ‘शहर’ म्हणून आहे. किमान पाच हजार वस्ती, चौरस किलोमीटरला चारशेची घनता आणि तीन-चतुर्थांश कर्ते पुरुष शेतीबाहेरच्या कामात, या तिन्ही अटी भरल्या की गाव ‘सेन्सस टाउन’ होतं. लक्षद्वीपची शहरी लोकसंख्या २००१ मध्ये ४४ टक्के होती, ती २०११ मध्ये ७८ टक्क्यांवर गेली. दहा वर्षांत कुणी इमारती उठवल्या नव्हत्या. आणखी काही बेटं या अटींत बसली, एवढंच.

लहान जागेचे आकडे वाचताना असं सावध राहावं लागतं. बित्रा हे लक्षद्वीपमधलं सगळ्यात कमी वस्तीचं बेट. तिथे २००१ मध्ये २६४ माणसं होती, २०११ मध्ये २७१. टक्केवारीत ही वाढ अडीच टक्क्यांच्या वर जाते. प्रत्यक्षात ती सात माणसं. दोन कुटुंबं मुलांच्या शाळेसाठी राजधानी कवरत्तीला हलली तर वाढीची घट व्हायला वेळ लागत नाही. सगळ्या बेटांचं मिळून चित्र मात्र स्पष्ट आहे. १९५१ मध्ये एकूण वस्ती २१,०३५ होती, २०११ मध्ये ६४,४७३. साठ वर्षांत तिप्पट. दवाखाने आले, साथी आटोक्यात आल्या, जहाजं नियमित झाली, त्याचा हा परिणाम. पण वेग बघा. १९८१ ते ९१ या दशकात वाढ २८ टक्के, पुढच्या दशकात १७, आणि २००१ ते ११ मध्ये फक्त ६.३. मिनिकॉय त्या दशकात ९,४९५ वरून १०,४४७ वर गेलं, म्हणजे सरासरीपेक्षा बरंच जास्त.

बेटावर मला फिरवत होते ते एक निवृत्त खलाशी. साठी उलटलेली, चाल अजून डेकवरची. मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर चेहरा खुलला. “बंबई? मस्जिद बंदर में कितने महीने निकाले हैं, भाईसाब, जहाज के इंतज़ार में!” त्यांची हिंदी थेट डोंगरीतली. ते मला एका गावघरात घेऊन गेले. मिनिकॉयची वस्ती अकरा गावांत विभागलेली आहे: बडा, औमागू, राम्मेडू, फुन्हिलोलू, कुडेही, फलेस्सेरी वगैरे. एक गाव कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे परक्याला कळत नाही, पण प्रत्येक गावाचं स्वतःचं सामायिक घर आहे, शर्यतीची लांब, रंगवलेली होडी आहे, आणि दोन प्रमुख आहेत. पुरुषांचा तो बोडुकाका, बायकांची ती बोडुताता. होडी किनाऱ्यावर ओढायची असो, रस्ता झाडायचा असो की लग्नाचा स्वयंपाक असो, गाव कामाला लागतं ते या दोघांच्या शब्दावर.

गावघर लख्ख होतं. भिंतीला टेकून लाकडी बाकं, मांडणीवर घासूनपुसून लावलेली भांडी. चहा आला, सोबत खोबऱ्याची गोड वडी. मी साधाच प्रश्न विचारला, गावात माणसं किती? खलाशीबाबांनी तो महलमध्ये सांगितला. बोडुकाका आणि बोडुताता यांच्यात थोडी बोलाचाली झाली आणि उत्तराऐवजी प्रश्न परत आला, “कुठली? आज इथे आहेत ती, की आमची सगळी?”

या दोन्हींतला फरक बेटाबाहेर जहाजांवर आहे. मिनिकॉयचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी. आधी शिडाच्या गलबतांवर सुकी मासळी, काथ्या, नारळ घेऊन मुख्य भूमीच्या बंदरांपर्यंत जायचे, पुढे आगबोटींवर नोकरी करू लागले. अजूनही घरटी एखादा कुठल्या ना कुठल्या व्यापारी जहाजावर असतो. जहाजबांधणीतही त्यांचा हात धरणारे थोडेच. मिनिकॉयचेच अली मणिकफान यांनी साहसी दर्याप्रवासी टिम सेव्हरिन यांच्या ‘सोहार’ या काथ्यानं शिवलेल्या जहाजाच्या बांधणीत मोठा वाटा उचलला. १९८०-८१ मध्ये ते जहाज ओमानहून चीनपर्यंत गेलं. मणिकफान यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. शाळेत जेमतेम शिकलेल्या या माणसानं सागरी जीवशास्त्रातही नाव काढलं.

आता जनगणनेची रीत बघा. २०११ मध्ये प्रगणक ९ ते २८ फेब्रुवारीत घरोघर फिरले. जो माणूस त्या सबंध काळात घराबाहेर होता तो त्या घराच्या यादीत धरला जात नाही. परदेशी असला तर देशाच्याही यादीत नाही. फेब्रुवारी म्हणजे समुद्र शांत असण्याचे, जहाजं फिरतीवर असण्याचे दिवस. म्हणजे बेटाची नोंद घ्यायची ती नेमकी पुरुष बाहेर असताना. लक्षद्वीपचे जुने आकडे या नजरेनं वाचले की उलगडतात. १९०१ मध्ये इथे हजार पुरुषांमागे १,०६३ स्त्रिया नोंदल्या गेल्या, १९५१ मध्ये १,०४३. नंतर काटा फिरला आणि २०११ मध्ये हे प्रमाण ९४७ वर आलं. मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ ला, ही बेटं केंद्रशासित प्रदेश झाली. १९६४ मध्ये कारभाराचं मुख्यालय कोळिकोडहून कवरत्तीला आलं. कचेऱ्या, शाळा, बांधकामं, पोलीस यांच्यासोबत मुख्य भूमीवरचे पुरुष आले, आणि बेटावरच्या पुरुषांनाही बेटावरच नोकऱ्या मिळू लागल्या. एकट्या याच कारणानं सगळा फरक पडला असं नाही, पण हे कारण विसरून निव्वळ प्रमाणावरून निष्कर्ष काढणं धोक्याचं.

पुरुष महिनोन्‌महिने बाहेर राहणार म्हटल्यावर घर कुणाच्या नावानं उभं राहायचं? मिनिकॉयमध्ये लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. मूल आईच्या घरचं. जमात पूर्णपणे मुस्लिम, आणि तरी वंश मोजायचा तो आईकडून. हे जमतं कसं, याचा अभ्यास एका मराठी घरातल्या बाईंनी फार आधी करून ठेवला आहे. त्या लीला दुबे, गायिका सुमती मुटाटकर यांच्या धाकट्या बहीण. कल्पेनी बेटावरच्या मातृवंशीय मुस्लिम समाजावरचं त्यांचं पुस्तक १९६९ मध्ये आलं. कल्पेनीची रीत मिनिकॉयहून थोडी वेगळी. तिथे नवरा रात्रीपुरता बायकोच्या घरी यायचा आणि दिवसा आपल्या आईच्या घरी कामाला असायचा. मालमत्तेचेही दोन वार पाडलेले. ‘शुक्रवारची’ म्हणजे आईच्या कुळाची, वाटणी न होणारी. ‘सोमवारची’ म्हणजे स्वतः कमावलेली, जिला शरियतचे वारसाहक्क लागू. धर्माचा नियम आणि कुळाचा नियम यांची अशी सोय लावून लोक शतकानुशतकं सुखानं नांदले.

मिनिकॉयच्या गल्ल्यांतून दुपारी हिंडताना हे डोळ्यांना दिसतं. ओसरीवर बसलेल्या, अंगण झाडणाऱ्या, सायकलवरून चाललेल्या, दुकानात हिशेब करणाऱ्या, सगळ्या बायकाच. परक्याला बघून कुणी आत पळत नाही. एका घरात आजी, तिच्या दोन मुली आणि नाती होत्या. मोठ्या मुलीचा नवरा सिंगापूरच्या वाटेवर, धाकटीचा रजेवर आलेला. तो मागच्या दारी नारळ सोलत होता. कर्ता पुरुष कोण, असं मी चुकून विचारलं असतं तर त्या घरात हशा पिकला असता.

आता त्या धक्क्यावरच्या बाळाविषयी. २०११ मध्ये लक्षद्वीपच्या ९४.८ टक्के लोकांची नोंद अनुसूचित जमाती म्हणून झाली. आपल्याकडे जमात म्हटली की भिल्ल, गोंड, कातकरी अशी नावं असतात. इथे नाव नाही, व्याख्या आहे. १९५१ च्या आदेशानुसार जो स्वतः या बेटांवर जन्मला आणि ज्याचे आई आणि वडील दोघंही बेटांवर जन्मले, तो अनुसूचित जमातीचा. जन्म सुइणीच्या हातून घरातच व्हायचे तोवर हे ठीक होतं. पण अवघड बाळंतपणासाठी बायका कोचीला जाऊ लागल्या आणि पेच पडला. पावसाळ्याच्या तोंडी, जहाजाचा भरवसा नसताना, शहाणं घर आधीच गरोदर बाईला मुख्य भूमीवर नेऊन ठेवतं. तिथे जन्मलेलं मूल व्याख्येबाहेर! आईबाप दोघंही बेटावरचे असूनही शिक्षणाच्या, नोकरीच्या सवलती हातून जायच्या. २००८ मध्ये संसदेनं दुरुस्ती केली. मुख्य भूमीवर जन्मलेलं मूल बेटावर कायम राहणार असेल तर त्याचा जन्म बेटावरच झाला असं मानायचं. जहाजातल्या त्या आजींच्या पिशवीत कागद एवढ्या जपून का ठेवलेले होते, ते यावरून कळावं. व्याख्येत न बसणारी माणसं सगळ्या लक्षद्वीपमध्ये मिळून साडेतीन हजारही नव्हती.

जन्मांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक आकडा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लक्षद्वीपचा एकूण प्रजनन दर १.४ निघाला. म्हणजे एका बाईला सरासरी दीडही मूल नाही. महाराष्ट्राचा दर १.७, देशाचा २. पिढी तेवढीच टिकायला दोनच्या किंचित वर लागतो. आणि याच सुमारास, २०२१ मध्ये, दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्यांना पंचायतीची निवडणूक लढवता येऊ नये अशी तरतूद असलेला पंचायत नियमांचा मसुदा इथे आला. त्यावरून बेटांवर आणि केरळातही मोठं वादळ उठलं. मसुदा लिहिणाऱ्यांनी गर्दी पाहिली असावी. गर्दी तर चौरस किलोमीटरला दोन हजारांची आहेच. पाळण्यांकडे पाहिलं असतं तर भीती उलट्या दिशेची वाटली असती. मुलींच्या शिक्षणानं लग्नं लांबली. साक्षरता ९२ टक्क्यांच्या घरात आहे. मुलं कमी झाली, आणि झालेली शिकायला केरळात जाऊ लागली.

शिकलेली मुलं परत येतील का, हे पुष्कळसं टूनावर अवलंबून आहे. मिनिकॉयची मासेमारी गळानं चालते. पहाटे लगूनमध्ये जाळं टाकून बोटभर लांबीची चाऱ्याची मासळी धरतात आणि होडीच्या पोटातल्या खेळत्या पाण्यात जिवंत ठेवतात. खोल समुद्रात टूनाचा थवा दिसला की ती मूठमूठ फेकायची आणि होडीच्या कडेनं पाण्याचे फवारे सोडायचे, म्हणजे खळबळलेलं पाणी पाहून टूना आणखी चवताळतो. गळाला काटा नसतो. त्यामुळे लांब काठीला झटका दिला की मासा डोक्यावरून उडून मागे डेकवर पडतो आणि गळ आपोआप सुटतो. हात रिकामा, लगेच पुढचा. किनाऱ्यावर आल्यावर त्याचे लांबट तुकडे करायचे, खाऱ्या पाण्यात उकळायचे, धुरावर धरायचे आणि उन्हात वाळवायचे. हे मासमीन. एका बाईनं दोन तुकडे एकमेकांवर आपटून दाखवले. लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज आला म्हणजे माल तयार. ठक्क वाजला नाही तो तुकडा तिनं पुन्हा उन्हात टाकला. १९६९ पासून बेटावर टूना डब्यात भरण्याचा सरकारी कारखानाही आहे. खलाशीबाबांचं मत विचारलं तर म्हणाले, “मछली है तो लड़का रुकेगा। नहीं तो जहाज है ही।”

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. मिनिकॉयच्या आकड्यात त्या वेळी काही नवी माणसंही असतील. मार्च २०२४ मध्ये नौदलानं इथे ‘आयएनएस जटायू’ हा तळ सुरू केला, आणि तळासोबत वर्दीतली माणसं आली. बेटावर मोठा विमानतळ बांधायची चर्चा आहे. तो झाला तर पर्यटन वाढेल, हॉटेलं येतील, त्यांना कामगार लागतील. परवान्यानं आजवर बंद ठेवलेलं दार किलकिलं होईल. म्हणून एकूण बेरीज पाहून कुणी बेट भरभराटीला आलं म्हणू नये, की ओस पडलं म्हणू नये. बेरजेत तळावरचे शिपाई, बदलीवरचे कारकून आणि बोडुकाकांच्या गावची माणसं एकाच रांगेत येतील, आणि जहाजांवरची येणारच नाहीत.

मी दोन रकाने आधी बघेन. सहा वर्षांपर्यंतची मुलं किती, आणि अनुसूचित जमातीची नोंद किती. पहिल्यावरून वीस वर्षांनी गळ टाकायला, जहाजावर चढायला आणि घर चालवायला कोण असेल ते कळेल. दुसऱ्यावरून बेटावर राहणाऱ्यांत बेटाचे किती उरले ते कळेल. एकूण आकडा वाढला आणि हे दोन्ही घटले, तर मिनिकॉयनं काळजी करायला हवी. आणि तेव्हा कुणाच्या घरात किती मुलं, याचे कायदे लिहिणाऱ्यांनी आपला मसुदा पुन्हा एकदा वाचायला हवा.